पावसातला मिलाद आणि पाच वॅटची माळ

हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असते, हे आपल्या घरातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यामुळे आपले सण ऋतूंमधून फिरत राहतात आणि 33 वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येऊन पोहोचतात. हा हिशेब आपण रोजे उन्हाळ्यात येणार की थंडीत, एवढ्यासाठीच करतो. आज तो वेगळ्या कामासाठी मांडू या.

2025 साली ईद-ए-मिलाद 5 सप्टेंबरला होती. 2026 मध्ये ती 26 ऑगस्टच्या आसपास येईल, 2027 मध्ये 15 ऑगस्टच्या आसपास, 2028 मध्ये ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. 2029 ला जुलैचा शेवटचा आठवडा, 2030 ला जुलैचा मध्य, 2031 ला जुलैची सुरुवात आणि 2032 ला जूनचा तिसरा आठवडा. चंद्र दिसण्यावर एखादा दिवस पुढे-मागे होईल, पण दिशा हीच. म्हणजे पुढची सहा-सात वर्षे रबीउल अव्वलचे पहिले बारा दिवस पावसाळ्यातच येणार, त्यातली काही वर्षे तर ऐन मुसळधारीत. आणि आम्ही राहतो कर्जत स्टेशनालगतच्या भिसेगावात. सह्याद्रीच्या पायथ्याला जुलैतला पाऊस काय असतो, ते इथल्या माणसाला सांगायला नको. छत्री उघडायच्या आत माणूस भिजतो. घाटावरचे पाणी उल्हास नदीला येते, तेव्हा पुलावरून पाहणाऱ्याच्याही पोटात गोळा येतो.

अशा पावसात बारा रात्री रस्त्यावर, मस्जिदीच्या मिनारावर, घरांच्या पत्र्यांवर आणि ग्रिलवर विजेच्या माळा लटकणार आहेत. या लेखाचा विषय एवढाच आहे.

यापूर्वी मिलाद पावसात आला तो 1990 च्या दशकात. तेव्हा आमच्या पिढीतले लोक शाळेत होते. जिलेटीनच्या कागदाच्या पताका आम्ही खळ लावून दोरीला चिकटवायचो आणि दुसऱ्या दिवशीच्या सरीत त्यांचा रंग ओघळून खालच्या पांढऱ्या भिंतीवर उतरायचा. मोठ्यांची बोलणी बसायची. दिवे म्हणाल तर मस्जिदीच्या दारावर चार ट्यूबलाइट, कमानीवर रंगीत बल्बची एखादी माळ आणि एखाद्या हौशी घरावर दुसरी. मोहल्ल्यातला एकच माणूस ते सगळे जोडायचा आणि तोच उतरवायचा. आज तशी स्थिती नाही. मुंबईच्या लोहार चाळीत पिशवीभर माळा इतक्या स्वस्तात मिळतात की प्रत्येक घर, प्रत्येक गल्ली, प्रत्येक पोरगा स्वतःच लाइटिंगवाला झाला आहे. 1990 च्या दशकात निळा एलईडी दिवा जपानमध्ये तयार झाला, त्या शोधाला 2014 साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले आणि त्याच शोधातून आलेले पांढरे-निळे दिवे आज आपल्या खिडकीत लुकलुकतात. माळा शंभर पटींनी वाढल्या, पाऊस तोच आहे आणि जोडणारा जाणता माणूस मात्र दिसेनासा झाला.

रोषणाई करावी की करू नये, यावर आपल्यात दोन मते आहेत आणि त्या वादात आम्ही पडत नाही. तो उलेमांचा प्रांत. पण दिव्याला आपल्या परंपरेत मान आहे, यावर दुमत नसावे. मस्जिद-ए-नबवीत तेलाचे दिवे लावण्याचे श्रेय हजरत तमीम दारी (रजि.) यांना दिले जाते. हजरत उमर (रजि.) यांनी रमजानच्या रात्री मस्जिदी उजळवल्या आणि त्याबद्दल हजरत अली (रजि.) यांनी पुढे त्यांच्यासाठी दुआ केली, असे इतिहासग्रंथांत येते. अबू दाऊद यांच्या संग्रहात हजरत मैमूना (रजि.) यांची एक रिवायत आहे. बैतुल मुकद्दसला जाणे ज्याला जमत नाही, त्याने तिथल्या दिव्यांसाठी तेल पाठवावे, असा तिचा आशय आहे. आम्हाला या रिवायतीतला ‘पाठवावे’ हा शब्द फार मोलाचा वाटतो. तेल पाठवायचे म्हणजे ते आपल्या गाठीच्या पैशाने घ्यायचे. शेजाऱ्याच्या बुधल्यातून काढून पाठवलेल्या तेलाला कोणी नजराणा म्हणणार नाही.

विजेच्या बाबतीत मात्र नेमके तेच होते. संध्याकाळी एखादा पोरगा बांबूच्या टोकाला वाकवलेली तार बांधतो आणि खांबावरच्या उघड्या तारेवर आकडा टाकतो. खाली उभी असलेली मंडळी वाहवा करतात. माळा उजळतात आणि त्यांच्या उजेडात नातिया कलाम सुरू होतो. प्रेषितांच्या (स.) जन्माचा आनंद, आणि तो चोरलेल्या विजेवर! ‘सगळेच करतात’ हे उत्तर आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. सगळेच करतात हे खरेही असेल, दुसऱ्यांच्या मांडवातही आकडे दिसतात. पण आपण हलाल गोश्त कुठून येते ते चौकशी करून घेतो, बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरे वाचतो आणि मस्जिदीच्या कमानीवरचा करंट कुठून येतो ते विचारत नाही, याचे नवल वाटते. विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 135 प्रमाणे वीजचोरीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते, ही गोष्ट वेगळी. कायद्याची भीती नसती तरी मुद्दा तोच राहिला असता.

आणि ही चोरी असते तरी केवढ्याची? शिक्षकी पेशामुळे गणित सुटत नाही, म्हणून मांडतो. बाजारातली एलईडीची साधी माळ पाच वॅटच्या आसपास वीज खाते. गल्लीत अशा शंभर माळा लावल्या तर पाचशे वॅट होतात. रोज सहा तास चालवल्या तर तीन युनिट, बारा रात्रींचे छत्तीस युनिट. युनिटला अगदी पंधरा रुपये धरले तरी 540 रुपये झाले. शंभर माळांच्या गल्लीत पन्नास घरे धरली तर घरामागे अकरा रुपयेही पडत नाहीत. एका कप चहाची किंमत! खरी वीज खातात ते हॅलोजन. पाचशे वॅटचे दहा हॅलोजन सहा तास लावले की एका रात्रीत तीस युनिट, बारा रात्रींत 360. त्यांच्या जागी पन्नास वॅटचे एलईडी फ्लडलाइट लावले की तेच काम छत्तीस युनिटमध्ये होते. ज्या कमिटीला बिलाची भीती वाटते, तिने आकड्याऐवजी हॅलोजन काढून टाकावेत.

आता त्या पाच वॅटच्या माळेकडे वळू. आमच्या शाळेतली मुले म्हणतात, “सर, एवढीशी तर माळ, तिच्याने काय होणार?” हा समज मोठ्यांमध्येही आहे आणि तो जीवघेणा आहे. आम्ही भाषेचे शिक्षक, म्हणून विज्ञानाच्या सहकाऱ्यांबरोबर बसून हे समजून घेतले. माळ लहान असली तरी भिंतीतून येणारा दाब 230 व्होल्टचाच असतो. साध्या माळेत दिवे एकामागून एक जोडलेले असतात, त्यामुळे एकेका दिव्याच्या वाट्याला दोन-तीन व्होल्ट येतात. पण मध्ये तार तुटली की त्या तुटलेल्या दोन टोकांमध्ये पूर्ण 230 व्होल्ट उभे राहतात. माळ विझलेली दिसते, म्हणून माणूस बेधडक हात घालतो. पाच वॅटला 230 ने भागले तर प्रवाह येतो सुमारे 22 मिलिअँपिअर. दहा ते वीस मिलिअँपिअरलाच हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडता येत नाही. म्हणजे ती माळ उजळायला जेवढा प्रवाह लागतो, तेवढाच हात तिला चिकटवून ठेवायला पुरतो. ओल्या अंगाने, अनवाणी, पाण्यात उभे असाल तर धोका आणखी वाढतो.

‘घरात एमसीबी आहे, खटका पडेल’ हा दुसरा गैरसमज. सहा अँपिअरचा एमसीबी सहा हजार मिलिअँपिअरच्या पुढे गेल्याशिवाय हलत नाही. तो तारा जळू नयेत म्हणून असतो. माणसासाठी असते ते आरसीसीबी नावाचे उपकरण, जुने लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांची ते सतत तुलना करते आणि तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा प्रवाह कोणाच्या तरी अंगातून किंवा भिंतीतून जमिनीत गेला, की डोळ्याचे पाते लवायच्या आत वीज तोडते. त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेले बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. खटका पडला तर ठीक, नाही तर उपकरण बदलावे. एखाद्या मस्जिदीला झुंबर भेट द्यायची कोणाची इच्छा असेल तर आमची विनंती आहे की आधी हे बसवून द्यावे. दिसणार नाही, नावाची पाटीही लागणार नाही, पण वुजूच्या नळाशी ओल्या पायांनी उभ्या असलेल्या प्रत्येक नमाजीच्या कामाला येईल.

आकड्यावरच्या माळेला यातले काहीच संरक्षण नसते. मीटर नाही, एमसीबी नाही, आरसीसीबी नाही. सरळ खांबावरची तार आणि पोराचा हात.

कोकणातल्या घरांची म्हणून एक खास अडचण आहे. पावसाळ्यात आपण पडवीपुढे पत्रा वाढवतो, खिडक्यांना लोखंडी ग्रिल असते, आणि पडवीत कपडे वाळत घालायची तार या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली असते. माळ बांधायला सोयीच्या वस्तू नेमक्या याच, आणि तिन्ही लोखंडी. पत्र्याच्या धारेवर माळेचे प्लास्टिक घासले जाते, वाऱ्याने रात्रभर घासत राहते आणि सकाळी अख्ख्या पत्र्यात करंट उतरलेला असतो. मग ओले कपडे वाळत घालायला पहिल्यांदा कोण बाहेर येते? घरातली बाई. लाइटिंग लावले मुलांनी, झटका आईला. म्हणून पहिला नियम हा की माळ लोखंडाला बांधायची नाही. नायलॉनची दोरी ताणावी, लाकडी पट्टी किंवा प्लास्टिकचा पाइप लावावा आणि त्यावर माळ सोडावी. कपड्यांच्या तारेच्या जागी तर बारा महिने नायलॉनची दोरीच असावी.

दुसरा नियम जोडांचा. काळी चिकटपट्टी उन्हाळ्यात ठीक, आपल्या पावसात ती दोन दिवसांत सुटते. बाहेर जोड ठेवूच नये. ठेवावाच लागला तर तो माणसाच्या उंचीच्या वर, छपराखाली आणि झाकणाच्या प्लास्टिक डबीत असावा. तार डबीत खालच्या बाजूने शिरवावी, म्हणजे पाणी तारेवरून ओघळून आत जाणार नाही. उघड्या तारा सॉकेटात घालून आगकाडीने दाबायची जी पद्धत आहे, ती तर घरातूनच हद्दपार करावी. पिन दहा-वीस रुपयांना मिळते.

माळ विकत घेताना खोक्यावर ‘आयपी’ आणि पुढे दोन आकडे आहेत का ते पाहावे. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी 20 ची माळ फक्त घरात. आयपी 44 ला थोडे शिंतोडे चालतात. आयपी 65 वर पाण्याची धार आली तरी ते आत शिरत नाही. कर्जतच्या पावसात बाहेर लावायची तर हीच. खोक्यावर काहीच छापलेले नसेल तर ती माळ काचेच्या आत, खिडकीतच शोभते. त्याहून चांगले म्हणजे 12 किंवा 24 व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारी माळ. अडॅप्टर घरात कोरड्या जागी ठेवायचा आणि बाहेर जाते ती इतक्या कमी दाबाची वीज की मुलाने हात लावला तरी भीती फारशी नाही. महाग पडते, पण चार वर्षे टिकते. दर वर्षी कचऱ्यात जाणाऱ्या माळांचा ढीग पाहिला की हा हिशेबही पटतो.

झोपताना दिवे विझवावेत, कारण उंदीर वात ओढून घर पेटवू शकतो, अशा आशयाची हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. लहानपणी ती ऐकताना आम्हाला उंदराची गंमत वाटायची. आता वायरिंग दुरुस्त करणाऱ्या कोणालाही विचारा, घरातल्या शॉर्टसर्किटमागे कुरतडलेली तार किती वेळा सापडते ते तो सांगेल. इशा झाली, मजलिस आटोपली की अकराच्या सुमारास माळा बंद कराव्यात. त्याने तार थंड होते आणि समोरच्या घरातले आजारी म्हातारे माणूसही झोपते. माळांच्या पेटीत आठ प्रकारचे लुकलुकणे असते. त्यातले सर्वांत वेगवान लुकलुकणे शेजाऱ्याच्या खिडकीसमोर रात्रभर चालू ठेवणे हा शेजारधर्म नव्हे. लग्नघरांनाही हेच लागू आहे. हळद, मेंदी, वलीमा मिळून आठवडाभर इमारत चमकवत ठेवायची आणि मग कर्जाचे हप्ते भरायचे. फिजूलखर्चीबद्दल कुरआन शरीफात काय म्हटले आहे ते वाचकांना आम्ही सांगायची गरज नाही.

मिरवणुकीबद्दल लिहिताना हात जड होतो. 9 ऑक्टोबर 2022 ला उत्तर प्रदेशात बहराइच जिल्ह्यात बारावफातच्या जुलूसमध्ये गाडीवरचा लोखंडी दांडा वरच्या उच्चदाबाच्या तारेला लागला आणि सहा जण गेले, त्यांत मुले होती. 29 जुलै 2023 ला झारखंडच्या बोकारो जिल्ह्यात ताजिया 11,000 व्होल्टच्या तारेला लागला, चार जण गेले. दोन्ही ठिकाणी कोणाचा वाईट हेतू नव्हता. झेंडा उंच हवा, गाडी उंच हवी, दिव्यांची कमान उंच हवी, एवढेच. आपल्याकडे तर डोक्यावर दोन प्रकारच्या तारा आहेत. रस्त्यांवर महावितरणच्या आणि रेल्वेमार्गावर 25,000 व्होल्टची ओव्हरहेड तार. तिला स्पर्शही व्हावा लागत नाही, फार जवळ गेले तरी वीज झेप घेते. रेल्वेच्या पुलावरून झेंडा नेताना तो आडवा धरावा आणि झेंड्याला लोखंडी पाइप नको. कोरडा बांबू किंवा प्लास्टिक घ्यावे. पावसाने भिजलेला बांबूही वीज वाहून नेतो, हेही मुलांना सांगावे. गाडीची उंची आदल्या दिवशी काठीने मोजून घ्यावी. मार्गावर तार खाली लोंबत असेल तर महावितरणच्या 1912 या क्रमांकावर आधीच कळवावे. गाडीवर जनरेटर असेल तर तो स्वतंत्रच ठेवावा. घराच्या वायरिंगला जनरेटर जोडला आणि मुख्य स्विच बंद केला नाही तर वीज उलटी खांबावर जाते, आणि वीज बंद आहे असे समजून वर चढलेला वायरमन मारला जातो. तोही कोणाचा तरी बाप असतो.

तीन वर्षे मिलाद आणि गणपती जवळजवळ आले होते. 2023 साली 28 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि मिलाद एकाच दिवशी होते, म्हणून मुंबईतला जुलूस 29 ला निघाला. 2024 ला तो 18 सप्टेंबरला आणि 2025 ला 8 सप्टेंबरला काढला गेला. विसर्जनाची गर्दी आणि जुलूस एकमेकांत अडकू नयेत म्हणून दिवस पुढे ढकलायला आपली मंडळी तयार झाली, याचे चांगले नाव झाले. त्याच गणेशोत्सवाकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. महावितरण दर वर्षी मंडळांना तात्पुरती वीजजोडणी घ्या असे आवाहन करते आणि सार्वजनिक उत्सवांना सवलतीचा दर देते. बरीच मंडळे आता ती रीतसर घेतात. ही जोडणी काही एका धर्माच्या उत्सवासाठी नाही. अर्ज, जागेचा कागद, परवानाधारक ठेकेदाराने वायरिंग तपासल्याचा अहवाल आणि अनामत रक्कम. वापरलेल्या युनिटचे पैसे वळते करून अनामत परत मिळते. या सगळ्यात सर्वांत किमती आहे तो वायरिंग तपासल्याचा अहवाल, कारण त्या निमित्ताने एक जाणता माणूस येऊन प्रत्येक जोड पाहून जातो.

आमच्या भागाला विजेच्या बाबतीत थोडा अभिमानही आहे, तो इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. लोणावळ्याच्या वरच्या तलावांचे पाणी घाटातून नळांनी खाली आणून टाटांनी खोपोलीला वीज केली आणि 1915 साली ती मुंबईच्या गिरण्यांना पोहोचली. 1922 साली आमच्याच कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. म्हणजे मुंबईत अनेक यंत्रे फिरली आणि दिवे लागले ते इथल्या पावसावर. ज्या पावसाची आपण एवढी धास्ती घेतली, त्याच पावसाची ती वीज. इथल्या खेड्यापाड्यांत मात्र ती यायला पुढे कित्येक वर्षे जावी लागली, आणि वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात कंदिलाची काच राखेने पुसण्याचे काम अजून येते.

मे अखेरीस कोंदिवड्याहून राजमाचीकडे जाणाऱ्या वाटेवर रात्री काजवे पाहायला आता शहरातून गाड्या येतात. एकेक झाड एका तालात उजळते आणि विझते. ना तार, ना मीटर. बाहेरचा उजेड पडला की मात्र त्यांना एकमेकांच्या खुणा दिसत नाहीत. जंगलालगतच्या वाड्यांवर लग्नात फ्लडलाइट झाडांकडे तोंड करून लावू नयेत, एवढे तरी जमेल.

2026 चा मिलाद ऑगस्टच्या अखेरीस आहे. सफरचा महिना जुलैच्या मध्यावर लागेल. मस्जिद कमिटीची बैठक तेव्हाच घ्यावी आणि तीन नावे लिहून ठेवावीत: वीजजोडणीचा अर्ज घेऊन कार्यालयात कोण जाणार, जुन्या माळा एकेक उलगडून कोरड्या जागी तपासून खराब त्या कोण फेकणार, आणि बारा रात्री अकराला मुख्य स्विच कोण बंद करणार. तिसऱ्या कामाला शक्यतो एखादा नववी-दहावीचा मुलगा घ्यावा आणि आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबायचे कामही त्यालाच द्यावे. कोणाला झटका बसलाच तर आधी स्विच बंद करायचा, तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने तार बाजूला करायची, माणसाला हात लावायचा नाही, हे त्याच्याकडून सर्वांसमोर एकदा म्हणून घ्यावे.